चौदा पत्ते, एक गट: विनलिंक एक्स्प्रेसची पत्त्यांची वही

१९७ हा नंबर ज्यांना आठवतो त्यांना माझं म्हणणं लवकर कळेल. १९८४ साली मी बॉम्बे टेलिफोन्सला लागले, दोन वर्षांनी तिचं एमटीएनएल झालं, आणि पुढची बरीच वर्षं मी डिरेक्टरी चौकशीच्या, म्हणजे १९७च्या टेबलावर काढली. फोन यायचा, "मालाडचे शहा द्या ना." मालाडला शहा किती, हे समोरच्याला सांगून काही उपयोग नसायचा. डिरेक्टरी छापून हातात पडेपर्यंत तिच्यातले कितीतरी नंबर शिळे झालेले असायचे, म्हणून शेजारी दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. जिचा गठ्ठा नीट, तिचं टेबल नीट, एवढी साधी परीक्षा होती. निवृत्तीनंतर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा परवाना काढला तेव्हा वाटलं, सुटले बाई याद्यांतून. कसलं काय. आमच्या पावसाळी कंपूत (मुसळधार पावसात फोन मुके झाले तर वायरलेसवरून निरोप देणारे आम्ही हॅम) पहिल्याच बैठकीत ठरलं, "ताई टेलिफोनमधल्या, यादी ताईंकडे."

तर हे परीक्षण विनलिंक एक्स्प्रेस या प्रोग्रॅमचं आहे, पण अख्ख्या प्रोग्रॅमचं नाही. त्यातली पत्त्यांची वही आणि गट, एवढंच मी बघणार आहे. बाकीच्या भागावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे अँटेनावर घसरतात.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हे रेडिओवरून जाणारं ई-मेल. संगणक निरोपाचे छोटे तुकडे करतो, त्यांना पॅकेट म्हणायचं. मग त्या तुकड्यांचे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर करतो आणि वायरलेस सेट ते सूर हवेत सोडतो. ऐकायला जुन्या फॅक्सच्या मशीनसारखं. या तुकड्यांच्या नियमावलीला एएक्स.२५ म्हणतात. तिची आवृत्ती २.० ही १९८४ची, म्हणजे माझ्या नोकरीच्याच वयाची, आणि माझ्यासारखी निवृत्त मात्र झालेली नाही.

माझं सामान असं: विक्रोळीला कन्नमवार नगरात तिसरा मजला, गॅलरीत तांब्याच्या नळीची जे-पोल अँटेना (शेजारच्या वहिनींना ती टॉवेल वाळत घालायला फार सोयीची वाटते), दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावरचा हातातला सेट, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या वायरी आणि साउंड कार्डची एक डबी, मुलीचा जुना लॅपटॉप. मुलुंडला आमच्यातल्या एकांच्या गच्चीवर गेटवे आहे. माझा निरोप हवेतून तिथवर जातो, तिथून इंटरनेटने विनलिंकच्या सर्व्हरवर. ज्याला पाठवला तो आपल्या सवडीने जोडणी करून उतरवून घेतो. प्रोग्रॅम फुकट आहे. नोंदणीचे थोडे पैसे भरा अशी आठवण मधूनमधून करून देतो, न भरल्यास अडवत नाही. मी भरले. फुकट वापरलेल्या वस्तूला नावं ठेवायला तोंड उरत नाही आणि मला ठेवायची होती.

आता वही. एकेकाचं नाव आणि पत्ता भरायचा, मग निरोप लिहिताना नावावरून निवडायचा. इथवर कुठल्याही ई-मेलसारखंच. खरी गोष्ट गटांची. मी रोमन अक्षरांत 'पाऊस' नावाचा गट केला आणि त्यात चौदा पत्ते टाकले: घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे, ऐरोली. 'कुणाला' या रकान्यात एक शब्द टाकायचा, निरोप चौदा जणांचा होतो.

यात काय विशेष, असं मोबाईलवाले म्हणतील. विशेष वेगाचं आहे. आमच्या हवेतल्या रस्त्याचा वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे कागदावर १५० अक्षरं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मी मिळाली तरी आम्ही खूश. हजार अक्षरांचा निरोप चौदा जणांना वेगवेगळा पाठवायचा तर चौदा हजार अक्षरं हवेत जाणार आणि तेवढा वेळ बाकी कुणाला बोलता येणार नाही. गटाला पाठवला की मजकूर हवेतून एकदाच जातो, डोक्यावर फक्त चौदा पत्त्यांच्या ओळी चढतात. त्या ओळींचा खर्च दोन-तीन सेकंद. पुढच्या प्रती सर्व्हर करतो, इंटरनेटवर, जिथे सेकंद कुणी मोजत नाही. पहिल्या दिवशी मी घड्याळ लावून बघितलं आणि मनात म्हटलं, हे डोकं ट्रंक बुकिंगवर बसलेल्या माणसाचं असणार.

पत्ते भरताना मात्र मी पहिल्याच फेरीत आपटले, आणि चूक माझी. प्रत्येक हॅमचं कॉलसाइन असतं, आपल्याकडे व्हीयूने सुरू होणारं. पॅकेटमध्ये त्याच्यापुढे एक रेघ आणि शून्य ते पंधरा यातला एक आकडा लावता येतो. एकच माणूस घरी एक मशीन चालवतो, गच्चीवर दुसरं, गाडीत तिसरं. ओळखायचं कसं, तर शेपटीच्या आकड्यावरून. भांडुपच्या एकांशी मी रोज शेपटी-एक लावून जोडणी करायचे, म्हणून वहीतही शेपटीसकट लिहिलं. पण ते मशीनचं नाव झालं. त्यांची टपालपेटी नुसत्या कॉलसाइनवर आहे आणि विनलिंकच्या लेखी शेपटीवाला पत्ता म्हणजे वेगळाच खातेदार. तीन आठवडे त्यांना आमचा एकही निरोप मिळाला नाही आणि त्यांना वाटलं, पाऊसच लांबलाय म्हणून ताई गप्प आहेत. टेलिफोनच्या भाषेत सांगायचं तर मी घराच्या नंबराऐवजी एक्स्टेंशन लिहून ठेवलं होतं. तेव्हा यादी करणाऱ्यांनी ही एक गाठ मारून ठेवा: जोडणीचा पत्ता वेगळा, टपालाचा वेगळा.

दुसरी फजिती जास्त गाजली. जूनमधल्या एका रविवारी सकाळी दहाला सराव ठरला होता. आम्ही तो दर पावसाळ्याआधी करतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा मोबाईल कसे मुके झाले ते आमच्यातल्या प्रत्येकाने अनुभवलंय, आणि मी तर त्या रात्री एक्स्चेंजमध्येच अडकले होते. उभं राहून वडापाव खाल्ला होता, तोही दुसऱ्या दिवशी दुपारी. असो. सरावाचा निरोप मी आदल्या रात्री लिहून ठेवला: भरतीची वेळ, कोण कुठे बसणार, आवाजासाठी कुठली फ्रिक्वेन्सी. लिहिताना एक चौकोन दिसला, वाचल्याची पावती मागण्याचा. मी टेलिफोनमधली. पावती म्हटली की हात आपोआप जातो. टिक केलं.

दहाला निरोप गेला, पहिल्या झटक्यात. मी सेटवर सगळ्यांना तोंडी सांगितलं, "टपाल उतरवून घ्या." सगळे आपापल्या ठिकाणी बसून एकाच गेटवेला, एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडणी मागायला लागले. इथवर ठीक होतं, रांग लागली असती. पण ज्याने निरोप उघडला त्याला प्रोग्रॅमने विचारलं, पावती द्यायची का? शिस्तीचे लोक, प्रत्येकाने हो म्हटलं. म्हणजे प्रत्येकाची एक नवी चिठ्ठी तयार झाली आणि ती पाठवायला तो परत रांगेत. घाटकोपरच्या सेटला ठाण्याचा सेट ऐकू येत नाही, मधे इमारती आहेत. घाटकोपरला वाटतं रस्ता मोकळा, ठाण्यालाही तसंच वाटतं, आणि मुलुंडच्या गच्चीवर दोघांचं एकमेकांवर आदळतं. मग दोघं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. एकाची एक ओळीची पावती जायला पाच-पाच मिनिटं. साडेदहाला मुलुंडच्या काकांचा आवाज आला, "ताई, तुमच्या पावत्या एकमेकींच्या उरावर बसल्यात. क्यूआरएक्स." म्हणजे, थांबा. आमच्या भाषेत हे सभ्यच आहे, पण कानाला झोंबलं.

एका माणसाला पावती मागणं ठीक. गटाला मागितली की गटातल्या माणसांइतक्या चिठ्ठ्या उलट्या येणार, हे साधं गणित मला सुचलं नव्हतं. आता आम्ही पावती आवाजात घेतो. मी नावं पुकारते, ज्याला मिळालं तो "मिळालं" म्हणतो. दोन मिनिटांत सगळे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पावत्या आल्या तेरा. राहिलेले होते ऐरोलीचे काका. ते फेब्रुवारीतच गेले. मी त्यांच्या घरी जाऊन आले होते, सायलेंट की झाले (हॅम वारला की आम्ही असं म्हणतो) म्हणून नेटवर, म्हणजे आमच्या आवाजातल्या बैठकीत, सगळ्यांना सांगितलंही मीच, आणि वहीत त्यांचा पत्ता तसाच. गंमत म्हणा किंवा काही म्हणा, निरोप परत आला नाही. येणार कसा, खातं चालू होतं. पत्ता बरोबर, फक्त माणूस नाही. टेलिफोनवर निदान घंटी वाजून वाजून थांबते, तेवढ्यावरून कळतं. इथे निरोप त्यांच्या पेटीत जाऊन शांतपणे बसला.

यावरून प्रोग्रॅमला दोष देता येणार नाही, त्याला काय माहीत. पण गटाचा हा गुण आणि दोष एकच आहे: नाव टाइप करताना आतली माणसं दिसत नाहीत. एक शब्द लिहिला की काम झाल्यासारखं वाटतं. चौदा नावं हाताने लिहिली असती तर ऐरोलीशी माझा हात थांबला असता.

आणि घंटी, तिच्याबद्दल बोलायलाच हवं. नव्या लोकांना वाटतं गटाला पाठवलं की चौदा घरांत काहीतरी वाजेल. काही वाजत नाही. ही टपालपेटी आहे. ज्याला उतरवायचं त्याने यायचं. म्हणून आमच्याकडे आधी आवाज, मग पॅकेट. गटाचा निरोप हा आवाजात सांगून लिहून घेता न येणाऱ्या मजकुरासाठी: आकडे, पत्ते, औषधांची नावं. "पाणी गुडघ्यापर्यंत आलंय" एवढंच सांगायचं तर बटण दाबून सांगा ना. (आम्ही मराठी रोमन लिपीत लिहितो, तेही वेगासाठी. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, रोमनचं एक.)

इंटरनेट गेलं तर? तर गटाचा सगळा डौल उतरला. प्रती करणारा सर्व्हर पलीकडे राहिला आणि आपण अलीकडे. मग प्रोग्रॅममध्ये थेट समोरच्याच्या मशीनशी जोडणी करायची सोय आहे, निरोप लिहितानाच तसा प्रकार निवडावा लागतो, पण ती एकेकाशी. चौदा जोडण्या. ज्यासाठी हा सगळा खटाटोप त्याच दिवशी हे होणार, हे लक्षात ठेवून गट छोटे ठेवा. मी 'पाऊस'च्या पोटातून चार जणांचा एक वेगळा गट काढलाय, प्रत्येक भागाचा एक माणूस. चौघांना थेट पाठवायचं, चौघांनी आपापल्या लोकांना आवाजात सांगायचं. जुनी बीबीएस पद्धत या बाबतीत अजून सरस आहे असं माझं मत. तिथे एका मशीनवर बुलेटिन टाकायचं, पत्ता कुणाचाच नाही, ज्याला हवं त्याने येऊन वाचायचं. सोसायटीच्या जिन्यातला फळाच तो. फळ्याला यादी लागत नाही, म्हणून फळ्याची यादी शिळीही होत नाही. पण फळा कुणी वाचला हेही कळत नाही, आणि आमचे लोक फळा वाचणारे असते तर पाण्याच्या टाकीची सफाई दर वेळी कुणाच्या आंघोळीच्या मध्यात आली नसती.

विनलिंकमधली मला सगळ्यात आवडलेली सोय वहीच्या बाहेर आहे, पण वहीला तीच वाचवते. तिला टॅक्टिकल पत्ता म्हणतात. कॉलसाइन माणसाचं असतं. हा पत्ता जागेचा किंवा कामाचा. 'विक्रोळी-शाळा' असा काहीतरी रोमन अक्षरांत पत्ता काढायचा, त्याला पासवर्ड असतो, आणि त्या दिवशी शाळेत जो हॅम बसला असेल तो ती पेटी उघडतो. हवेत त्याला आपलं कॉलसाइन द्यावंच लागतं, तो कायदा सुटत नाही. पण निरोप पाठवणाऱ्याला तिथे कोण बसलंय याची फिकीर नको. एक्स्चेंजमध्ये आम्ही सुपरवायझरच्या टेबलाला फोन लावायचो, सुपरवायझर बाईंच्या नावाला नाही. त्या रजेवर असल्या तरी टेबल उचलायचं. चार जणांचा गट आता मी अशा चार टेबलांचा केलाय. माणसं बदलली तरी यादीला हात लावावा लागत नाही.

आता नावं ठेवायची ती ठेवते. पहिलं, लपवून प्रत पाठवायची सोय नाही. 'कुणाला' आणि 'प्रत' हे दोनच रकाने, त्यामुळे गटातल्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसतात. कॉलसाइन काही गुपित नसतं, पण आमच्यातल्या तिघांचे साधे ई-मेल पत्तेही गटात होते आणि त्यातल्या एकांना ते आवडलं नाही. बरोबरच आहे त्यांचं. तसंही हवेत आम्ही काही लपवून बोलत नाही, गुप्त लिपीला परवानगीच नाही. जे लिहाल ते दुसरा हॅम वाचू शकतो असं धरूनच लिहा. यादीत बिनपरवान्याच्या नातेवाइकांचे पत्ते घालू नका, हे मी नव्यांना निक्षून सांगते.

दुसरं, साध्या ई-मेलवरून येणाऱ्या उत्तरांचा घोळ. विनलिंक ओळखीच्या पत्त्यांचीच पत्रं आत घेतं, नाहीतर त्या चिंचोळ्या रस्त्यावर जाहिरातींचा पूर आला असता. आपण ज्याला आधी लिहिलं तो आपोआप ओळखीचा होतो. ठाण्याच्या एका मुलाला मी त्याच्या घरच्या पत्त्यावर लिहिलं, त्याने उत्तर दिलं ऑफिसच्या पत्त्यावरून, ते दारातूनच परत गेलं. अनोळखी पत्त्यावरून लिहायचं तर विषयाच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा आणि लगेच डब्ल्यूएल२के अशी अक्षरं घालावी लागतात. मी ती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाला फोटो पाठवला. फोटो अर्थातच व्हॉट्सॲपवर. हसू नका.

तिसरं, रूप. पडदा सगळा इंग्रजी, बटणं जुन्या काळातली, आणि विंडोज नसेल तर जुगाड करावा लागतो. मला रूपाचं काही नाही, मी खटक्यांच्या बोर्डावर काम केलंय. पण आमच्यातल्या दोन तरुण मुली पहिल्या नजरेतच म्हणाल्या, "काकू, हे कधीचं आहे?" अद्ययावत होत राहतं एवढं मात्र खरं, उघडलं की पुष्कळदा नवी आवृत्ती तयारच असते.

लॅपटॉप बदलणाऱ्यांसाठी: प्रोग्रॅमचा फोल्डर अजून त्याच्या जुन्या नावाने, आरएमएस एक्स्प्रेस म्हणून असतो, नव्या नावाने शोधत बसाल तर सापडणार नाही. मी तो अख्खा फोल्डर महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घेते. याआधी वापरलेल्या एका प्रोग्रॅमने, नाव घेत नाही, माझी पूर्ण यादी एका रात्रीत गिळली होती, तेव्हापासूनची सवय. शिवाय यादीचा एक कागदी छापा गॅलरीच्या दाराला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वीज गेल्यावर वही उघडायला आधी बॅटरी शोधायला लागते, कागदाला मेणबत्ती पुरते.

पाचांत चार देते. गटासाठी पाच दिले असते, लपवलेल्या प्रतीचा एक कापला. टॅक्टिकल पत्त्यासाठी अर्धा वाढवावासा वाटतो, पण अर्ध्यांचा हिशोब मला एक्स्चेंजमध्येही आवडत नसे.

टेबलावर आता पुन्हा चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांचा. कुणी घर बदललं, कुणी सेट विकला, की लगेच चिठ्ठी, आणि दर रविवारी चिठ्ठ्या बघून वही दुरुस्त. 'पाऊस'मध्ये सध्या तेरा पत्ते आहेत. चौदाव्यासाठी कळव्याची एक मुलगी मागे लागलीय. परीक्षा झाली, परवाना यायचाय. तिची चिठ्ठी पेन्सिलने लिहून वर ठेवलीय, कॉलसाइनची जागा मोकळी सोडून.